दुरुस्त वर्ग

चहा कसा झालाय, असं सरांना विचारायची सोय नव्हती. "कोणत्या वर्गात?" असा उलट प्रश्न यायचा. शाळेतल्या शिपायानं केलेल्या चहाच्या वर्गात म्हणाल तर बरा, हॉटेलातल्या चहाच्या वर्गात बाद, आणि घरच्या चहाशी त्याची तुलनाच करायची नाही, कारण घरी दूध कोण किती घालतं यावर कुणाचा ताबा नसतो. हे सगळं ऐकून होईपर्यंत चहा थंड व्हायचा. मग थंड चहाचा वर्ग वेगळा. हेडमास्तरांच्या पंधरा ऑगस्टच्या भाषणालाही सरांनी एकदा अगदी गंभीर चेहऱ्यानं "लांब भाषणाच्या वर्गात दुसरा" असा नंबर दिला होता. पहिला कोण, हे विचारायचं धाडस हेडमास्तरांना झालं नाही.

मी लग्न होऊन उदगीरहून बिदरला आले आणि तिथल्या मराठी शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हा सर तिथे विज्ञान शिकवत होते. मूळचे जवळच्याच निर्णा गावचे. बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेलं घर. आईवडील लवकर गेले, मागे धाकटा भाऊ मिलिंद राहिला, त्याला वाढवता वाढवता यांचं लग्नाचं वय निघून गेलं. बिदरच्याच मैलूर भागात दोन खोल्यांत दोघे भाऊ राहायचे. सर उंच, शर्टाचं गळ्यापर्यंतचं बटण लावलेलं, खिशात पेनाशेजारी पेचकस. पोरं त्यांना मागून नियमसर म्हणायची. सरांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही, असा माझा संशय आहे.

मला सुरुवातीला हा माणूस नुसता चक्रम वाटला. मग एका गॅदरिंगमध्ये त्यांनी हजेरीचं बक्षीस दोन वर्गांत वाटलं. एक सायकलवर येणाऱ्यांचा वर्ग, एक पायी येणाऱ्यांचा. हेडमास्तर वैतागले, कारण एक पेला जास्त आणावा लागला. पण खेड्यातून चालत येणारं एक काटकुळं पोरगं तो पेला घेऊन असं उभं राहिलं होतं, की त्याच्याकडे बघून माझं सरांबद्दलचं मत तिथल्या तिथे बदललं. "ही दोघं एका रांगेत धावायलेत असं आपल्याला वाटतंय बाई," सर मला म्हणाले, "पर एक जण धावायच्या आधीच दमलेला असतोय."

आता गाड्यांकडे येते. मैलूरमध्ये सरांच्या शेजारी एक मामू राहायचे. आखातात क्रेन चालवायचे, सुट्टीवर आले की पेट्या भरून सामान आणायचे. सगळी गल्ली त्यांना मामूच म्हणायची. एका सुट्टीत त्यांनी भाच्यासाठी रिमोटवर चालणारी मोटारगाडी आणली. बिदरमध्ये कुणी असलं काही पाहिलं नव्हतं. वायर नाही, चावी नाही, आणि हातातल्या डबीची काडी हलवली की लांबवर गाडी वळते. पुढच्या वर्षी आणखी चारदोन घरांत गाड्या आल्या आणि भांडणं सुरू झाली. कारण सगळ्या गाड्या एकाच बाजारातून आलेल्या, एकाच लहरीवर चालणाऱ्या. याचं रिमोट दाबलं की त्याची गाडी पळायची. पोरं एकमेकांच्या उरावर बसली. तंटा सरांच्या दारात आला, आणि सरांना आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते मिळालं.

त्यांनी नियम केले. नुसते केले नाहीत, पत्र्याच्या फलकावर मराठी, कन्नड आणि उर्दूत रंगवून घेतले. शर्यत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शाळेमागच्या लाल मुरमाच्या मैदानावर. फक्कीनं आखलेली वाट, वळणांवर विटा. गाड्यांचे तीन वर्ग. 'जशी आली तशी', म्हणजे खोक्यातून निघाली तशीच, आतल्या कशालाही हात न लावलेली. 'उघडलेली', म्हणजे मोटर, चाकं, काय हवं ते बदललेली. आणि 'घरची', म्हणजे स्वतः बनवलेली. त्यात परत सेल किती आणि वजन किती, यावरून पोटवर्ग. वजनाला किराणा दुकानातला तराजू. बिदरभरच्या गाड्या एकत्र केल्या तरी वर्गच जास्त भरायचे. निम्म्या वर्गांत एकेकच गाडी, ती पहिलीही आणि शेवटचीही. गावाला हसायला तेवढं पुरेसं होतं.

त्यात सगळ्यात मोठी गंमत अशी, की शर्यतीत दोन गाड्या कधी एकत्र सुटायच्याच नाहीत. लहर एकच, त्यामुळे एका वेळी एकच रिमोट चालू. बाकीची सगळी टेबलावर जमा. टेबलाशेजारी दोरी बांधलेली आणि तिला कपडे वाळत घालायचा एकच लाकडी चिमटा. तो चिमटा ज्याच्या कॉलरला, त्यानंच रिमोट चालू करायचं. गाडी एकटी पळणार, मी शाळेचं स्टॉपवॉच धरून तिची वेळ घेणार आणि मैदानात आणलेल्या फळ्यावर खडूनं लिहिणार. हे काम मला का, असं मी विचारलं होतं. "तुमी कुणाच्याच नात्यातल्या न्हाईत," सर म्हणाले. परगावची असण्याचा मला झालेला तो एकच फायदा.

एकदा एका बड्या साहेबांच्या मुलानं चिमटा नसताना लपवून आणलेलं दुसरं रिमोट दाबलं. पळती गाडी वाट सोडून थेट मिरची भज्यांच्या गाड्याखाली घुसली आणि चटणीचं पातेलं उलटवून थांबली. सरांनी साहेबांच्या मुलाला बाद केलं. साहेब म्हणाले, मी त्याच्या वतीनं चालवतो. सरांनी फलकावर बोट ठेवलं. ज्याची गाडी त्यानंच चालवायची, दुसऱ्यानं चालवली तर बाद. साहेब रागानं जीपमध्ये बसून गेले. सर मात्र चटणीवालीची समजूत काढत बसले, आणि तिला कुठल्या वर्गातली भरपाई द्यावी यावर दोघांचं बराच वेळ एकमत होईना.

एवढं हसून झाल्यावर मी एकदा त्यांना विचारलंच, की जी शर्यत एकट्यानं पळायची तिला शर्यत कशाला म्हणायचं. दुपार होती, स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. सर हातातला पेचकस फिरवायला लागले. मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडिलांच्या आजोळच्या गावी, गावाचं नाव सरांनी कधी सांगितलं नाही, जत्रेत बैलगाड्यांची शर्यत असायची. वडिलांना एका वर्षी हौस आली. चांगली खोंडं होती. पंचांनी नाही म्हटलं नाही. सगळ्या गाड्या पळून झाल्या, नारळ वाटून झाले, माणसं उठायला लागली, तेव्हा म्हणाले, आता सोड तुझी. वडिलांनी एकट्यानं गाडी पळवली.

"लई जोरात पळिवली म्हणं," सर म्हणाले. "पर वेळ कुणी घेतली न्हाई. वडील इचारले, कामून घेतली न्हाई? तर म्हणले, आमच्यात असंच असतंय." मग म्हणाले, "लिवलेला नियम असता तर बोट ठेवून दावता आलं असतं बाई. असंच असतंय म्हणल्यावर माणूस बोट कशावर ठिवणार?"

त्यानंतर मी त्या शर्यतीला कधी हसले नाही. स्टॉपवॉच मात्र जास्त घट्ट धरायला लागले.

मिलिंद सरांच्या अगदी उलट. हसरा, बोलका, कुठेही पटकन मिसळणारा. डिप्लोमा झालेला, पण नोकरी नाही. अर्ज करायचा, मुलाखतीला जायचा, परत यायचा. घरी सर त्याला रागावत नसत, नुसते गप्प बसत, आणि ते गप्प बसणं रागावण्यापेक्षा वाईट होतं. एका वर्षी सरांनी मामूंकडून मिलिंदसाठी एक लाल गाडी मागवली. बावीस वर्षांच्या घोड्याला खेळणं, असं कुणीतरी म्हणालंच. पण मिलिंदनं ती गाडी जिवापाड जपली. संध्याकाळी शाळेमागे सराव करायचा. कुठेतरी एका ठिकाणी आपण पहिले येऊ शकतो, हे त्या पोराला फार दिवसांनी वाटायला लागलं होतं. मोठ्या भावाला तो अण्णा म्हणायचा. मला सांगायचा, "बाई, औंदा अण्णाला हसवतो बगा."

त्या वर्षी 'जशी आली तशी' वर्गात सात-आठ गाड्या होत्या. तेवढ्या एका वर्गात कधीच आल्या नव्हत्या. मिलिंदची गाडी अशी पळाली, की वळणावरच्या विटा जणू तिच्यासाठी बाजूला सरकत होत्या. मी वेळ लिहिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. सर हसले. दात दिसतील असं हसले. मी ते पाहिलं आहे, आणि म्हणूनच पुढचं सांगणं मला जड जातं.

नियम असा होता, की जिंकलेली गाडी सर्वांसमोर उघडायची. आदल्या वर्षी याच तपासणीत कापड दुकानवाल्या आप्पांच्या मुलाची गाडी सापडली होती. त्यानं मोटरची तार काढून जाड तार भरून घेतली होती. सरांनी फलकावरच्या नियमावर बोट ठेवलं होतं, तार बदलली की बाद. आप्पा मोठे व्यापारी, गावात वजन असलेले. पण शिस्तीला मान देणारा माणूस, मुकाट्यानं मुलाला घेऊन गेले होते.

सरांनी पेचकस काढला आणि मिलिंदची गाडी उघडली. मोटर हातात घेऊन त्यांनी ती उन्हात धरली आणि तशीच धरून राहिले. मी शेजारीच होते. तार नव्यानं भरलेली होती. सांध्यावरचा कथलाचा डाग हातानं दिल्याचं मलासुद्धा कळत होतं.

मिलिंद पुढे आला. सराव करताना मोटर जळाली होती. अण्णानं एवढ्या हौसेनं आणलेली गाडी, त्यांना वाईट वाटेल, म्हणून त्यानं सांगितलं नाही. हळ्ळीखेडला पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्याकडे जाऊन गुपचूप भरून आणली होती.

"तेवढीच तार हाय अण्णा, तेवढेच येढे. एक येढा जास्ती न्हाई. मोजून बगा."

"भरली का न्हाई, तेवढं सांग."

"भरली."

"बाद."

मी म्हटलं, सर, हा बदल नाही, दुरुस्ती आहे. ते माझ्याकडे बघेनात. मग आप्पा, ज्यांच्या मुलाला आता पहिला नंबर मिळणार होता ते आप्पाच पुढे आले. असू द्या सर, ते म्हणाले, पोरगं खरं बोलायलंय.

सरांनी मोटर टेबलावर ठेवली. "तुमच्या पोराला मी सोडलो नव्हतो आप्पा," ते म्हणाले. "ह्याला सोडलो तर उद्या लोक म्हणतील, यांच्यात असंच असतंय."

मला तेव्हा त्यांचा राग आला, आणि त्याच क्षणी त्यांचं काय अडलंय हेही कळलं. मिलिंद बोलला. आवाज चढवला नाही त्यानं.

"सगळ्या दुनियेला वर्ग काढलाव अण्णा तुमी. थंड चहाला काढलाव. माझ्यासाठी एक निघाला न्हाई."

गाडी आणि रिमोट टेबलावरच ठेवून तो चालत गेला. दोन महिन्यांत मामूंच्या ओळखीनं आखातात नोकरी लागली आणि तो गेला. सर त्याला सोडायला बसस्टँडवर गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, काही बोलला का. "पाया पडला," सर म्हणाले. त्यानंतर मिलिंदनं पैसे पाठवले, सणावाराला कपडे पाठवले, मामूंबरोबर निरोप पाठवले. एक ओळ मात्र लिहिली नाही. सर दर आठवड्याला लिहायचे. पत्रात काय असायचं ते मला माहीत नाही, पण त्या माणसाला क्षमा मागायला कोणता वर्ग सापडला असेल, याचा मी पुष्कळ वेळा विचार केला आहे.

दुसऱ्या वर्षी फलकावर खाली नवी ओळ रंगवलेली दिसली, तिन्ही भाषांत. दुरुस्त वर्ग. जळालेला किंवा मोडलेला भाग तशाच मालानं दुरुस्त केला असेल तर ती गाडी या वर्गात धरावी. त्या वर्गात गाडी एकच होती. ती लाल गाडी सरांनी पुसूनपासून टेबलावर मांडली, आत नवे सेल घातले, आणि सगळे वर्ग आटोपल्यावर पुकारा केला. मिलिंद. नियमाप्रमाणे तीन वेळा. मग नियमाप्रमाणे पाच मिनिटं थांबले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, लिहा, गैरहजर.

पहिल्या वर्षी काही पोरं हसली. त्याच्या पुढच्या वर्षी कुणी हसलं नाही. आप्पा तर तेवढी पाच मिनिटं टोपी हातात घेऊन उभे राहायचे. मी दरवर्षी तो शब्द लिहायची आणि घरी जाऊन स्वयंपाकात लक्ष लागायचं नाही. शर्यत एव्हाना आटत चालली होती. गाड्या मोडल्या, पोरं मोठी झाली, घरोघरी टीव्ही आला. मी एकदा म्हटलं, सर, आता बंद करू या. "बंद केलो तर तो येणार कुठं?" ते म्हणाले.

मग एका वर्षी दसऱ्याच्या आधी मामू सुट्टीवर आले आणि शाळेत येऊन सरांना भेटले. मी होतेच. मिलिंद हैदराबादला आलाय, मामूंनी सांगितलं. त्याचं लग्न झालं, तिकडच्याच मुलीशी, मागच्याच आठवड्यात. मामू चांगले माणूस, सांगताना खाली बघत होते. सरांनी लग्नाचं काहीच विचारलं नाही. "नव्या वर्गाचं सांगितलाव का त्याला?" एवढंच विचारलं.

"बोला मैं. सब बोला."

"मग? काय म्हणला?"

"बोला, देखता हूँ."

सरांनी ते दोन शब्द घट्ट धरून ठेवले. 'न्हाई' तर म्हणला न्हाई ना, असं त्यांनी मला त्या आठवड्यात कितीदा तरी विचारलं. हैदराबादहून बिदर म्हणजे सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला पोचतो. त्यांनी घराला चुना दिला. मैलूरच्या दोन खोल्यांतली मोठी नव्या जोडप्यासाठी मोकळी करून स्वतःची खाट स्वयंपाकाच्या खोलीत टाकली. सुनेच्या नात्याच्या पोरीला काय द्यायचं असतं, हे मला विचारून एक साडी आणली. हिरवी घेतली होती. चांगली होती.

शर्यतीच्या दिवशी मैदानावर जेमतेम पाच गाड्या होत्या. तरी माणसं बरीच आली, कारण बातमी सगळ्यांना होती. सरांनी प्रत्येक गाडी एवढ्या सावकाश तपासली, की एरवी तासात उरकणारं काम दुपारभर चाललं. मग दुरुस्त वर्ग आला. सरांनी पुकारा केला. मिलिंद. रस्त्यावरून एक बस गेली. दुसऱ्यांदा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं.

पाच मिनिटं झाली. मी घड्याळ वर केलं. "थांबा जरा बाई," ते म्हणाले. फलक रंगवल्यापासून त्यांनी नियम वाकवलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. आम्ही थांबलो. उन्हं कलली, भजेवाल्या बाईनं चूल विझवली, माणसं एकेक करून उठली. आप्पा सगळ्यात शेवटी गेले. जाताना त्यांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काढला.

मैदानावर आम्ही दोघंच उरलो, तेव्हा सरांनी दोरीवरचा चिमटा काढला आणि स्वतःच्या कॉलरला लावला. लाल गाडी उचलून रेघेवर ठेवली. मला एकदम लक्षात आलं, की एवढ्या वर्षांत या माणसानं एकही गाडी कधी चालवली नव्हती.

त्यांना येत नव्हतं. गाडी विटांवर आदळली, उलटी फिरली, थांबली, परत निघाली. मी घड्याळ चालू केलं होतं, ते बंद करायचं मला सुचलं नाही, आणि बरं झालं सुचलं नाही. कशीबशी एक फेरी पुरी करून गाडी रेघेपलीकडे गेली. सरांनी रिमोट बंद केलं. चिमटा काढून दोरीला परत लावला. मग माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"वेळ लिवा बाई," ते म्हणाले. "वेळ कुणाचीबी लिवायची असती."

मी मिलिंदच्या नावापुढे वेळ लिहिली.

"आता त्याच्याम्होरं बाद लिवा. चालिवणारा दुसरा होता." ते फळ्याकडे बघत राहिले. चष्म्याखालून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. "दोघंबी भाऊ बाद."

मी लिहिलं. पुढच्या दसऱ्याला शर्यत झाली नाही, आणि आता तर सर जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. पण त्या वर्गापुढे गैरहजर लिहावं लागलं नाही, असं ते एकच वर्ष.